ताम्रनिक्षेपाचे वजन : एक पडताळा

मोरचुदाच्या द्रावणातून विद्युत अपघटनाने ताम्रचूर्ण मिळविता येते. ते भस्मासाठी घेण्यापूर्वी ऋणाग्रावर जमलेले वजन गणिताशी ताडून पाहावे, असे आम्ही वैद्यबंधूंना व फार्मसीचालकांना सुचवितो.

फॅरेडे यांनी १८३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार निक्षेपाचे वजन विद्युतप्रवाह व काळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. ताम्राचा अणुभार ६३.५५ व येथे संयुजा २, म्हणून ३१.७८ ग्रॅम ताम्रास ९६,४८५ कूलंब लागतात. १ अँपिअर प्रवाह १ तास दिल्यास ३,६०० कूलंब होतात व सुमारे १.१९ ग्रॅम ताम्र बसते. ५ अँपिअरने ४ तासांत २३.७ ग्रॅम.

आमच्याकडे एकदा २५ ग्रॅम भरले आणि क्षणभर आनंदही झाला! परंतु गणिताहून अधिक ताम्र बसणे शक्य नाही. चूर्ण पुन्हा धुतले; धुवणात बेरियम क्लोराइड घालताच पांढरा साका आला. मोरचूद चूर्णातच अडकले होते. वजन कमी भरल्यास मात्र बहुधा काही प्रवाह हायड्रोजन वायू सुटण्यात खर्च झालेला असतो, अथवा चूर्ण तळाशी गळलेले असते.

वजन जुळले तरी शिसे व सोमल यांची तपासणी वेगळीच करावी लागते, आणि ग्रंथोक्त शोधन तर टळत नाहीच.