फी विचाराच, पण आधी वस्ताद पारखा

सिल्वासाजवळच्या खडोलीत कारखान्यांची दाटी आहे. आपल्याकडून तिकडे नोकरीला गेलेला मुलगा 'जिम लावतोय' म्हणाला की घरून पहिला प्रश्न येतो, 'शिकवणार कोण, आणि घेणार किती?' गावात असता तर तालीम होती. कन्नड शेजारी तिलाच गरडी मने म्हणतात. तिथल्या वस्तादाला पोराचा बाप ओळखतो. परमुलखात ही पारख स्वतःच करावी लागते.

ती का करावी, याला उदाहरण आपल्याच भागातलं आहे. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण अवघ्या एका किलोनं हुकलं, कारण १३९ किलो उचलताना कोपर दुखावलं. (त्याच दिवशी कुंदापूरकडच्या गुरुराजा पुजारीनं ६१ किलो गटात कांस्य जिंकलं.) पानटपरी चालवणाऱ्याचा हा मुलगा सांगलीच्या दिग्विजय व्यायामशाळेत घडला. उत्तम शिक्षण महागड्या काचेच्या जिममध्येच मिळतं असं नाही. आणि इतक्या तयारीच्या गड्यालाही दुखापत होते, तर नवख्याचं काय?

'कोर्स केलाय' म्हटलं की किती दिवसांचा, ते विचारा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका वेगळी आणि सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र वेगळं. भिंतीवर दोन्ही सारखीच दिसतात! शारीरिक शिक्षणाची पदवी असेल तर चांगलंच.

खरी परीक्षा मात्र पहिल्या दिवशी होते. जुनं कंबरदुखणं, रक्तदाब यांची चौकशी तो करतो का? बैठक आधी नुसत्या दांडीनं शिकवतो का? ऑलिंपिक पद्धतीची रिकामी दांडीच २० किलोची असते, नवख्याला तेवढी पुरे. पहिल्याच दिवशी ताटल्या चढवणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा. पावडरचे डबे खपवणाऱ्यालाही तसंच. इंजेक्शनचं नाव काढलं तर त्या दारात पुन्हा पाऊल नको.

आता पैशाचं. रोज मास्तर हवा, हा समज जिमवाल्यांच्या सोयीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा. म्हणजे महिन्याचे आठ-नऊ दिवस. खोलीवरच्या तिघांनी मिळून एकच शिक्षक दोन महिने लावला, तर फी वाटली जाते. पुढे महिन्यातून एकदा त्याला बोलावून चुका तपासून घेतल्या तरी चालतं. महिन्याची फी आगाऊ देण्याआधी एक दिवस पाहायला जाऊ द्या म्हणावं. नकार मिळाला तर दुसरी जिम बघावी.

रात्रपाळी असेल तर वेळ झोपेनंतरची ठरवून घ्या. बारा तास उभं राहून आलेल्यानं तसंच दांडीखाली जाऊ नये.