एकादशी बघून वल्हं उचला

मालवणचा बेत ठरला की आपण आधी सुट्टी बघतो. शनिवार-रविवारला जोडून एखादा सोमवार मिळाला की खोली ठरते, गाडी ठरते. समुद्र काय, तो असणारच! पण मालवणच्या बंदरातून स्वतः कयाक वल्हवत सिंधुदुर्गाच्या तटाखाली जायचं असेल आणि तिथे स्नॉर्कल लावून प्रवाळ बघायचं असेल, तर हा बेत उलट्या क्रमाने आखावा लागतो. आधी तिथी, मग वारा, सुट्टी सगळ्यात शेवटी.

तिथीचं गणित कोकणातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला, अमावास्येला सव्वाअकरा. चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तशीच रोज पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. तो ढोबळ आहे. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. तारीख निवडायला मात्र पाऊणकी पुरते.

माझी पसंती दशमी-एकादशीला. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी खूप चढतं, खूप उतरतं. त्या ओढीने तळाचा गाळ उठतो आणि डोळ्यांपुढे नुसता गढूळ पडदा येतो. अष्टमी-नवमीचा भांग शांत खरा, पण भरती उजाडता उजाडता येऊन जाते आणि ऊन पाण्यात उतरेपर्यंत ओहोटी बरीच पुढे गेलेली असते. एकादशीला भरती सव्वाआठच्या आसपास. खडकांवर पुरेसं पाणी, वर चढलेलं ऊन, आणि भरती-ओहोटीच्या सांध्यावर पाणी जवळजवळ थांबलेलं. स्नॉर्कलिंगला हाच वेळ हवा.

आता वारा. थंडीत रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. सकाळी तो पाठीशी असतो, त्यामुळे जाताना कयाक आपोआप पळते. नवख्या माणसाची फसगत इथेच होते, कारण वारा टिकला तर परतताना प्रत्येक हात त्याच्याविरुद्ध मारावा लागतो. दुपारी जमीन तापली की वारा फिरतो, समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात. या दोन वाऱ्यांच्या मधल्या उसंतीत, साधारण अकराच्या आत, किनाऱ्याला लागावं. आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा लाटांचा अंदाज बघा, आणि सकाळी बंदरावरच्या होडीवाल्याला विचारा. दोघांपैकी एकानेही नको म्हटलं, तर जाऊ नका.

अंतर थोडं आहे. किल्ल्याचं कुरटे बेट किनाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. पण वाट सरळ नाही. पाण्याखाली खडकच खडक. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ल्याचा पाया घातला, तेव्हा याच खडकांनी शत्रूच्या मोठ्या जहाजांना लांब ठेवलं. आज त्याच खडकांवर प्रवाळ वाढतं आणि त्याच्या कपारींत माशांची पिल्लं लपतात. १९८७ मध्ये हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. एकटं निघू नका. वाट ठाऊक असलेला स्थानिक माणूस बरोबर घ्या, अंगात लाइफ जॅकेट असू द्या आणि पायात पक्के बूट, कारण खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात.

स्नॉर्कलबद्दल दोन गोष्टी. मुखवट्याच्या काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि जवळ दिसते. हात पुढे करून अंदाज घ्या, म्हणजे खडकावर आपटणार नाही. आणि नळी आखूड आहे म्हणून तक्रार करू नका. ती लांब केली तर आपलाच वापरलेला श्वास नळीत साठून परत आत येतो, आणि खोल गेल्यावर पाण्याचा दाब छातीला फुगू देत नाही. तोंडाने सावकाश श्वास घ्या. पहिली पाच मिनिटं घाबरायला होतं, मग जमतं.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात नद्यांनी आणलेला गाळ तोवर खाली बसलेला असतो. मे महिन्याच्या शेवटी समुद्राचा स्वभाव बदलतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. शेवटच्या आठवड्यात रजा मिळाली म्हणून समुद्राशी घासाघीस करू नये.

एक कळकळीची विनंती. मासे जवळ यावेत म्हणून कुणी पावाचे तुकडे टाकत असेल तर त्याला थांबवा. ते माशांचं अन्न नव्हे. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे कायद्याने ते वाघाच्या पंगतीला बसतं. त्याचा तुकडा आठवण म्हणून उचलणं हा गुन्हा आहे. आणि पाण्यात दम लागला तर उताणे होऊन स्वस्थ पडा, जॅकेट तुम्हाला तोलून धरेल. पाय तेवढे खाली टेकवू नका. तिथे जो दगड वाटतो, तो जिवंत असतो.