नौकेच्या गाडीचें चाक



नौका पाण्यांत बुडाल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या असतील. रस्त्यावरून चाललेल्या नौकेला पाण्यानें दगा दिला, असें मात्र कोणी सांगितलें तर आपणांस नवल वाटेल. तो प्रकार मीं स्वतः पाहिला आहे. आणि दगा देणारें तें पाणीही त्या दिवसाचें नव्हतें, सातआठ महिन्यांपूर्वींचें होतें. चमचाभर पाणी बंद जागेंत स्वस्थ बसून पोलादाचें काय करतें, आणि तें तेथें शिरूं नये म्हणून काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत तळ्यांची रेलचेल आहे. दहा एकरांहून मोठीं अशीं तळींच तेथें ११,८४२ मोजलेलीं आहेत. साहजिकच तेथील मध्यम स्थितीच्या कुटुंबाजवळही एखादी लहानशी यांत्रिक होडी असते. पुष्कळ लोक ती घराच्या अंगणांत ठेवतात आणि सुटीच्या दिवशीं दोन चाकांच्या गाडीवर घालून, ती गाडी मोटारीमागें जोडून, दूरच्या तळ्यावर नेतात. या गाडीला ट्रेलर म्हणतात. तळ्याच्या कांठीं सिमेंटचा उतार बांधलेला असतो. मोटार मागें मागें घेत ट्रेलर त्या उतारावरून पाण्यांत उतरवावयाचा. चाकें बुडालीं म्हणजे नौका तरंगूं लागते. मग रिकामा ट्रेलर वर ओढून ठेवावयाचा.

माझा पुतण्या मिनिआपोलिस शहरीं नोकरीस आहे. मे महिन्याच्या मध्यास तेथें मासेमारीचा हंगाम खुला होतो. एका वर्षीं त्या पहिल्याच दिवशीं आम्ही मिल लॅक्स नांवाच्या विस्तीर्ण तळ्याकडे निघालों. वाट सुमारें शंभर मैलांची. निम्म्या वाटेवर चहासाठीं थांबलों असतां मीं सहज ट्रेलरच्या चाकांच्या मध्यावर हात ठेवून पाहिला. उजवें चाक कोमट लागलें. डाव्या चाकावरून हात चटका बसून मागें आला. लहानपणीं आमच्या गांवचे गाडीवान घाट उतरून आले, कीं चाकाच्या तुंब्यावर असाच हात ठेवीत. तीच संवय माझ्या हाताला राहिली असावी. परंतु मी कांहीं बोललों नाहीं. देश परका, यंत्र नवें, आणि पुतण्या स्वतः इंजिनियर; त्याच्यापुढें आपण मास्तरकी कशाला करावी, असें मनांत आलें.

पुढें वीसएक मैलांवर जळक्या वंगणाचा वास आला, धूर दिसला, आणि ट्रेलर एका अंगावर कलला. खिडकींतून पाहतों तों आमचेंच चाक आमच्या शेजारून पुढें धांवत होतें! दोन रस्त्यांमधील गवताची पट्टी ओलांडून तें समोरून येणाऱ्या दोन मोटारींच्या मधून गेलें आणि पलीकडच्या खड्ड्यांत पडलें. त्यांतील एका मोटारींत मागें लहान मुलें बसलीं होतीं. ईश्वरकृपेनें कोणासही इजा झाली नाहीं. पण तीं मुलें मला अद्याप दिसतात. त्या रात्रीं मीं पुतण्याला चटक्याची हकीकत सांगितली. “काका, बोलायला हवें होतें,” एवढेंच तो म्हणाला.

चाक कां निखळलें, हें समजण्यासाठीं त्याची आंतली रचना पाहिली पाहिजे. चाकाच्या मध्यभागीं जो पोकळ भाग असतो त्याला हब म्हणतात. आपल्या बैलगाडीचा तुंबा तोच. बैलगाडीचा तुंबा आंसाभोंवतीं घासत फिरतो. म्हणून गाडीवान वंगणाचें नळकांडें गाडीखालीं टांगून ठेवी. मोटारीच्या वेगाला हें घर्षण परवडत नाहीं. यास्तव आंस व हब यांच्यामध्यें पोलादी गोळ्यांचें किंवा रुळांचें कडें बसवितात, तेंच बेअरिंग. घासण्याच्या जागीं लोळणें, इतकेंच त्याचें तत्त्व. जड ओंडका हालवावयाचा असतां त्याखालीं आपण गोल दांडकीं घालतों, तोच हा प्रकार. वेल्समधील कारमार्थन येथील फिलिप व्हॉन यानें गाडीच्या आंसासाठीं गोळ्यांच्या बेअरिंगचें पेटंट १७९४ सालीं घेतलें. परंतु चाकाला वरच्या ओझ्याखेरीज वळणावर बाजूचाही रेटा बसतो. हे दोन्ही भार सोसणारें निमुळत्या रुळांचें बेअरिंग हेन्री टिमकेन यांनीं काढलें. त्याचें पेटंट १८९८ चें आहे. टिमकेन हे मूळचे सेंट लुई येथील घोडागाड्या बांधणारे. ट्रेलरच्या प्रत्येक हबांत आज बहुधा अशींच दोन बेअरिंगें असतात, एक आंतल्या अंगास व एक बाहेरच्या. त्यांत ग्रीस भरलेलें असतें. मागें रबराचें सील आणि पुढें पत्र्याचें झांकण.

आतां हें चाक तासदोन तास धांवलें म्हणजे हब तापतो. आंतील हवाही तापते, फुगते आणि थोडी बाहेर निसटते. अशा स्थितींत तळ्यावर पोंचतांच ट्रेलर थंड पाण्यांत उतरविला, तर हब क्षणांत निवतो. त्याचा परिणाम काय होतो याचा हिशेब शाळेंतल्या ज्ञानावर करतां येतो. उष्णतेनें वायु किती प्रसरण पावतो याचा नियम गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८०२ सालीं प्रसिद्ध केला. जागा बंद असेल तर आकारमानाऐवजीं दाब त्याच प्रमाणांत बदलतो. हबांतील हवा ६० अंश सेंटिग्रेडवरून २० अंशांवर आली असें धरूं. दोहोंत २७३ मिळविले म्हणजे ३३३ आणि २९३ हे आंकडे येतात. दाब ३३३ चा २९३ झाला, म्हणजे शेंकडा १२ नें उतरला. वातावरणाचा दाब सुमारें १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्याचे शेंकडा १२ म्हणजे जवळजवळ सव्वा मीटर. चाक बुडालेलें असेल हातभर पाण्यांत, पण सीलावरचा भार मात्र आणखी सव्वा मीटर पाणी वर उभें असल्यासारखा. सील थोडें जरी झिजलेलें असलें, तरी हब पाणी पिऊं लागतो.

शिरलेलें पाणी ग्रीसमध्यें घुसळलें जातें आणि ग्रीस दुधासारखें पांढुरकें होतें. तरीही चाक फिरत असतां नुकसान लगेच दिसत नाहीं. खरा घात होतो तो चाक थांबल्यावर. रूळ कड्यावर जेथें टेकतात तेथील ग्रीस दबून बाजूस सरतें आणि ओलावा पोलादाला भिडतो. मिनेसोटांत तळीं गोठतात. ऑक्टोबरपासून मेपर्यंत नौका जागची हालत नाहीं. तेवढ्या काळांत कड्यावर, रुळांत जेवढें अंतर तेवढ्याच अंतरानें, गंजाच्या बारीक रेघा उमटतात. वसंतांत चाक फिरूं लागलें, कीं प्रत्येक रूळ प्रत्येक रेघेवर आपटत जातो. पोलादाचे कण सुटतात आणि ग्रीसमध्यें मिसळून कानशीचें काम करतात. उष्णता वाढते, ग्रीस पातळ होऊन वाहून जातें, आणि अखेरीस रूळ व कडें एकमेकांस चिकटून बसतात. मग नट तरी उखडतो किंवा आंसाचें टोक तरी तुटतें, आणि चाक हबासकट निघून जातें. आमच्या चाकाचा इतिहास हाच होता. “पण चाकें तर गेल्या वर्षीं उत्तम फिरत होतीं,” असें पुतण्या म्हणाला, आणि तें खोटें नव्हतें. चालणाऱ्या यंत्राची झीज कानावर येते. बसलेलें यंत्र मुकाट्यानें बिघडतें.

यावर पहिला उपाय धीराचा. तळ्यावर पोंचल्यावर हब हाताला कोमट लागेपर्यंत पंधरावीस मिनिटें थांबावें. तेवढ्यांत पट्टे सोडावे, सामान नौकेंत चढवावें. दुसरा उपाय स्प्रिंगदार टोपणाचा. पत्र्याच्या झांकणाऐवजीं हें टोपण बसविलें म्हणजे आंतील ग्रीसवर बाहेरच्यापेक्षां किंचित् अधिक दाब राहतो. मात्र उत्साहानें ग्रीस ठांसूं नये. नाहीं तर मागचें सीलच उखडून ग्रीस ब्रेकवर पसरतें.

तिसरा आणि मुख्य उपाय म्हणजे वर्षांतून एकदां हब उघडणें, आणि तेंही हंगाम संपतांना, हिंवाळ्यापूर्वीं. वसंतांत उघडणें म्हणजे चोरी झाल्यावर कुलूप लावणें होय. ट्रेलर सपाट जागीं मोटारीस जोडलेला ठेवावा, दुसऱ्या चाकाला पुढूनमागून ठोकळे लावावे, आणि जॅकनें उचललेली बाजू भक्कम घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं हात घालूं नये. प्रथम चाक हातानें फिरवून ऐकावें. घरघर आली तर आंत दोष आहे. नंतर झांकण, स्प्लिट पिन व नट काढून बेअरिंगें रॉकेलनें धुवावीं आणि पूर्ण कोरडीं करावीं. रुळांवर किंवा कड्यावर डाग, खड्डा अथवा जळल्याची निळसर छटा दिसली, तर तें बेअरिंग टाकून द्यावें, आणि त्यासोबत हबांतील बाहेरचें कडेंही बदलावें. तीं दोन्हीं जोडीनेंच झिजलेलीं असतात. सील मात्र दर वेळीं नवें घालावें. त्याची किंमत क्षुल्लक आहे.

ग्रीस भरण्याची रीत सोपी आहे. तळहातावर लिंबाएवढें ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबीत ओढावी; वरच्या फटींतून ग्रीस डोकावूं लागलें म्हणजे तेवढा भाग भरला. असें चहूंकडून करावें. पाण्यानें धुऊन न जाणारें, नौकांच्या ट्रेलरसाठीं म्हणून मिळतें तें ग्रीस घ्यावें, आणि जुन्यांत भलत्या जातीचें नवें मिसळूं नये. कांहीं मिश्रणें पातळ होऊन गळून जातात.

नट आवळण्यांत पुष्कळांची चूक होते. घट्ट तें बळकट, असा आपला समज. येथें तो घातक आहे. चाक फिरवीत नट पान्यानें आवळावा, म्हणजे रूळ आपापल्या जागीं बसतात. मग तो सैल करावा, आणि नुसत्या बोटांनीं पुन्हां टेकवावा. पिनेचें भोंक जुळत नसेल तर नट आवळून नव्हे, किंचित् सैल करून जुळवावें. तापल्यावर धातु फुगतात. त्यासाठीं केसभर जागा ठेवलीच पाहिजे.

आतां ब्रेकांकडे वळूं. इंग्लंडांत ७५० किलोग्रॅमपर्यंतचा ट्रेलर ब्रेकशिवाय चालवितां येतो. त्याहून जड असेल तर ब्रेक सक्तीचे आहेत. अमेरिकेंत नौकांच्या ट्रेलरला बहुधा रेट्यावर चालणारे ब्रेक असतात. मोटारीनें वेग कमी केला, कीं मागचा ट्रेलर तिला रेटतो. त्या रेट्यानें जोडावरचा दट्ट्या दाबला जाऊन ब्रेकच्या नळींत तेलाचा दाब उत्पन्न होतो. ट्रेलरचा उतावीळपणाच त्याला आवरतो, असें म्हणावयास हरकत नाहीं. येथेंही शत्रु पाणीच. ड्रमच्या आंत तें सांचून राहतें आणि ब्रेकच्या पट्ट्या गंजानें ड्रमला चिकटतात. म्हणून तळ्यांतून, विशेषतः समुद्रांतून, बाहेर आल्यावर ब्रेक स्वच्छ गोड्या पाण्यानें आंतून धुवावे, आणि रस्त्यास लागतांच हलकेच दोनचार वेळां ब्रेक लावून ते सुकवावे. ट्रेलर महिनोन्महिने ठेवावयाचा असल्यास हातब्रेक ओढून ठेवूं नये. चाकांना ठोकळे लावावे. ब्रेकचें नेहमींचें तेलही हवेंतील ओलावा शोषून घेतें. लांब उतारावर ब्रेक तापले म्हणजे त्या ओलाव्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. म्हणून ऐन वेळीं ब्रेक लागत नाहींत. यासाठीं दोनेक वर्षांनीं तेल बदलावें.

आंसाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः आधीं झिजून लोखंडाला वांचवितें. पण तो मुलामा जेथें खरवडला जातो तेथें, स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या फटींत आणि बोल्टांखालीं, खारें पाणी दडून बसतें. समुद्रावरून आल्यावर घरीं पोंचण्याची वाट न पाहतां या जागा गोड्या पाण्यानें भरपूर धुवाव्या आणि वर्षांतून एकदां बोल्ट तपासावे.

आपणांपैकीं फारच थोड्यांच्या दारीं नौकेची गाडी असेल, हें मी जाणून आहें. पण पावसाळ्यांत सांचलेल्या पाण्यांतून मोटार किंवा स्कूटर काढणारे पुष्कळ आहेत. त्यांनींही पाण्याबाहेर येतांच हलकेच ब्रेक लावून ते सुकवावे, आणि पुढें कधीं चाकांतून घरघर येऊं लागली तर ती अंगावर काढूं नये.

पुतण्या आतां दर मुक्कामाला खालीं उतरून दोन्ही हबांवर हात ठेवतो, आणि प्रतिवर्षीं सप्टेंबर संपतांना ते उघडतो. ग्रीस भरलेला एक तयार हबही तो बरोबर बाळगतो. मीही एक नियम केला आहे. हाताला चटका बसला, तर समोरचा कितीही शिकलेला असो, तें त्याला तेथल्या तेथें सांगावयाचें. त्याचें ज्ञान माझ्याहून अधिक असेल. पण त्या क्षणीं चाकावर हात माझा होता, त्याचा नव्हता.