बागेचं काम निघतं तेव्हा

गावातल्या बागेला निधी मंजूर झाला की सगळ्यात आधी ठरते ती प्रवेशद्वाराची कमान. मग कारंजं, मग रंगीत दिव्यांच्या माळा, मग गावाच्या नावाची माणसाएवढी अक्षरं, म्हणजे सेल्फीची सोय झाली. उरलेल्या पैशांत पेव्हर ब्लॉक. झाडं, पाणी, माळी आणि स्वच्छतागृह यांच्यावर चर्चा होते ती अंदाजपत्रक संपल्यावर. मोठ्या शहरात ही चूक खपून जाते, कारण तिथे दुसरी बाग असते. नाशिक जिल्ह्यातल्या नांदगावसारख्या वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावाला हीच यादी खालून वर वाचावी लागते.

नांदगाव मुंबई-भुसावळ रेल्वेमार्गावरचं, मनमाडच्या पुढचं स्टेशन. विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत रेल्वे आली. त्याआधी वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी इथेच उतरून टांग्याने पुढे जात. ती वर्दळ केव्हाच संपली, पण तालुक्याचं गाव म्हणून माणसांचा राबता आहेच. तहसील, कोर्ट, पंचायत समिती, दवाखाना, बाजार. खेड्यावरून आलेल्या माणसाचा निम्मा दिवस कामात जातो आणि निम्मा वाट पाहण्यात. 'साहेब जेवायला गेलेत' या वाक्यानंतरचा तास-दीड तास कुठे काढायचा? हॉटेलात बसायचं तर चहा घ्यावा लागतो, तोही दोनदा. म्हणून अशा गावातली मध्यवर्ती बाग एकट्या गावकऱ्यांची नसते, ती सगळ्या तालुक्याची ओसरी असते.

म्हणून नकाशा काढण्याआधी एक काम बिनखर्चाचं आहे: मोजणी. इथे माणसांची मोजणी अभिप्रेत आहे, जागेची नव्हे. विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधले छोटे चौक आणि बागा कॅमेरे लावून, वहीत नोंदी करून तपासल्या. लोक कुठे बसतात, कुणाशी बोलतात, कुठून पाय काढतात, याचं त्याने बारीक निरीक्षण केलं आणि १९८० मध्ये ते पुस्तकरूपाने मांडलं. त्याचा सगळ्यात गाजलेला निष्कर्ष ऐकून हसू येतं. लोक तिथेच बसतात, जिथे बसायला जागा असते! पण शहरातले कितीतरी चकाचक चौक ओस का पडले होते, याचं उत्तर त्या साध्या वाक्यात होतं.

हेच नांदगावात करायला कॉलेजची चार मुलं आणि दोन वह्या पुरतात. एक साधा दिवस, एक आठवडे बाजाराचा, एक रविवार. पहाटे फिरायला येणारे, दुपारी भाकरीचं फडकं सोडणारे, चारनंतरची पोरं, दिवेलागणीच्या बायका, रात्रीचे मोबाइलवाले, सगळ्यांची वयासह नोंद घ्यायची. माणसांइतक्याच काही खुणाही बोलक्या असतात. हिरवळीतून तिरकी पडलेली पायवाट सांगते की फाटक चुकीच्या बाजूला आहे. कुंपणाचा एक गज वाकवून पोरांनी वाट केली असेल, तर तिथेच दुसरं फाटक हवं. कोणत्या बाकाचा रंग बसून बसून उडाला आहे आणि कोणत्या बाकावर दात्याचं नाव अजून कोरं करकरीत आहे, तेही पाहावं. बहुधा दुसरा बाक उन्हात असतो.

व्हाइटच्या सल्ल्याचा उपयोग झालेली सर्वांत प्रसिद्ध बाग न्यूयॉर्कची ब्रायंट पार्क. उंच झुडपं आणि मोजक्या दरवाजांमुळे ती आत काय चाललंय ते न दिसणारी, नशाबाजांची जागा झाली होती. झुडपं काढली, वाटा वाढवल्या, उचलून कुठेही ठेवता येतील अशा खुर्च्या आणल्या, आणि १९९२ मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा गर्दी आपोआप आली. सुट्या खुर्च्यांचा प्रयोग आपल्याकडे सुचवायला जरा धाडस लागेल. लग्नसराईत त्या कुठल्या मांडवात सापडतील, हे सांगायला नको. पण आपल्याकडे त्याहून जुना आणि न हलणारा उपाय आहे, तो म्हणजे कट्टा. दादरच्या शिवाजी पार्कला भोवतीच्या कट्ट्याने जे दिलं, ते कुठल्याही कारंज्याला जमलेलं नाही. गुडघ्याएवढ्या उंचीची, वरून रुंद, झाडाखालून जाणारी सलग भिंत. कुंपणाचं काम होतं आणि शंभर माणसं बसतात.

शिवाजी पार्ककडून दुसराही धडा घेण्यासारखा आहे. १९२५ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या मैदानावर अलीकडच्या वर्षांत सुधारणेच्या कामात लाल माती पसरली गेली. ती वाऱ्याने उडू लागली, भोवतालच्या घरांत धुळीचे थर बसू लागले. २०२५ मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाने महापालिकेला सूचना दिल्या आणि उपायासाठी आयआयटी मुंबईचा सल्ला घेण्याची वेळ आली. पैसे असलेल्या, तज्ज्ञांनी वेढलेल्या महापालिकेची ही गत.

आता पाणी. नांदगावच्या बागेचा निम्मा नकाशा पाण्यानेच काढायला हवा. गिरणा धरण तालुक्याच्याच हद्दीत, पण त्याच्या पाण्यावर भिजणारी शेती मुख्यतः जळगाव जिल्ह्यातली. शेजारच्या मनमाडला नळाला पाणी येण्याची वाट लोकांनी कित्येक उन्हाळ्यांत दिवस मोजत पाहिली आहे. अशा मुलखात पुण्या-मुंबईसारखी हिरवळ अंथरण्याआधी साधा हिशेब करून पाहावा. हिरवळ मे महिन्यात जिवंत ठेवायला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा गुंठे म्हणजे जवळपास एक हजार चौरस मीटर. म्हणजे दहा गुंठ्यांच्या हिरवळीला रोज पाच हजार लिटर, एक छोटा टँकर. भुयारी गटार नसलेल्या गावात माणशी ७० लिटर हा पाणीपुरवठ्याचा नेहमीचा निकष धरला, तर सत्तर माणसांचं रोजचं पाणी त्या गवतात जिरतं. घरी बायका हंडे मोजत असताना बागेत फवारे उडाले, तर लोक बोलणारच, आणि त्यांचं चुकणार नाही.

उत्तर हिरवळ अजिबात नको, असंही नाही. पोरं लोळतील एवढा दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा ठेवावा, बाकी जमीन झाडांच्या सावलीला द्यावी. कडुनिंब, करंज, चिंच, भोकर, वड ही मंडळी पहिली दोन-तीन वर्षं ठिबकवर सांभाळली की पुढे स्वतःचं पाहतात. करंजाला तर ऐन चैत्रात नवी पालवी फुटते, म्हणजे सावली हवी तेव्हाच मिळते. गुलमोहर दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ. वळवाच्या वादळात त्याच्या फांद्या पडतात, आणि खाली बाक असतो.

पावसाचं गणितही याच्या जोडीने करावं. दहा गुंठ्यांवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी होतं. बागेत सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले की त्यातलं बरंचसं पाणी रस्त्यावर जातं. सप्टेंबर २०२१ मध्ये लेंडी आणि शाकंबरी नद्यांच्या पुराचं पाणी नांदगावच्या बाजारपेठेत शिरलं होतं. दहा गुंठ्यांची बाग नदीचा पूर अडवणार नाही, तसा दावा कुणी करू नये. पण भर पावसात चौकातल्या गटारावर आपलं पाणी लोटणारी बाग आणि ते शोषखड्ड्यात, खोलगट वाफ्यांत मुरवणारी बाग यांत फरक आहे. फिरायच्या वाटेला मुरूम दाबून घेतला तरी चालतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो फरशीपेक्षा बराही वाटतो. व्हीलचेअरसाठी मात्र एक सलग, टणक वाट हवीच.

पेव्हर ब्लॉकचा दुसरा बळी म्हणजे झाड. बुंध्याला चिकटून काँक्रीट केलं की मुळांना हवा मिळत नाही, पाणी मिळत नाही, आणि पाच-सात वर्षांनी झाड 'अचानक' कोसळतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. महाराष्ट्रात शहरी भागातली झाडं १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं आणि झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. कमानीच्या मध्ये येणारा चाळीस वर्षांचा निंब म्हणजे चाळीस रोपांची जबाबदारी. कमान दहा फूट सरकवणं स्वस्त पडेल.

मुळात जुनं पाडायची गरज आहे का, हा प्रश्न मुंबईत मलबार हिलच्या लोकांनी २०२३ मध्ये विचारला. हँगिंग गार्डनखालचा १८८७ चा जलाशय पाडून नवा बांधायचा घाट होता. त्यात ३८९ झाडांवर संक्रांत येणार होती आणि बागही दीर्घकाळ बंद राहणार होती. रहिवाशांनी हरकती घेतल्या, तज्ज्ञांची समिती बसली, आणि तिच्यातल्या काही सदस्यांनी दुरुस्तीने भागेल असं सांगितलं. नांदगावच्या बागेचा पसारा एवढा नाही, पण रंग उडालेला चांगला लोखंडी झोपाळा भंगारात काढून फायबरचा आणण्याआधी तोच प्रश्न विचारता येतो.

मोजणीच्या वहीत एक रकाना हमखास रिकामा निघेल, तो दहा-बारा वर्षांपुढच्या मुलींचा. हे फक्त आपल्याकडचं नाही. ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा नऊ वर्षांनंतर मुली बागेत येणं कमी होतं आणि मुलगे मात्र येतच राहतात, असं आढळलं. मधलं मोठं मोकळं मैदान चेंडूवाल्यांनी व्यापलेलं, मग मुली कडेला आणि पुढे घरी. १९९९ मध्ये शहराने दोन बागांत मोकळ्या जागेचे लहान भाग पाडले, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलची सोय केली, वाटा वाढवल्या, आणि मुली परतल्या. आपल्याकडे याला दोन गोष्टी जोडाव्या लागतील: झाडाखालचा अंधार घालवणारे कमी उंचीचे दिवे, आणि कुलूप न लावलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. बागेच्या उद्घाटनाला स्वच्छतागृह दाखवतात, महिन्याभराने त्याची किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

मधल्या बागेवरचा भार कमी करण्याचा उपाय मात्र तिच्या कुंपणाबाहेर आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाच हजार लोकवस्तीमागे अर्ध्या हेक्टरची एक बाग हवी. तेवढी जागा जुन्या गावठाणात आता निघणार नाही. पण राज्याच्या नियमांनुसार चाळीस गुंठ्यांपासून पुढच्या प्रत्येक नव्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडलेली असते. कागदावर 'ओपन स्पेस', प्रत्यक्षात बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा. ॲम्स्टरडॅममध्ये आल्डो फान आइक या वास्तुविशारदाने १९४७ पासून तीन दशकांत अशाच पडीक तुकड्यांवर सातशेहून जास्त क्रीडांगणं उभी केली. साहित्य काय, तर वाळूचा हौद, चढायला वाकवलेले लोखंडी गज, बसायला कठडा. प्रत्येक कॉलनीत एवढं झालं तरी संध्याकाळी मधल्या बागेत झोपाळ्यासाठी लागणारी रांग निम्म्यावर येईल.

पैशाचं काय? उद्यानं आणि क्रीडांगणं हा विषय १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या यादीत घातला, पण स्वतःच्या करातून बाग उभी करणं छोट्या नगरपरिषदेला झेपत नाही. त्यामुळे नगरोत्थान, जिल्हा वार्षिक योजना, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान यांच्याकडे डोळे. २०२१ ला सुरू झालेल्या अमृत योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात लहान शहरंही आली आणि तिच्यात हिरव्या जागांना स्थान आहे. या सगळ्या पैशांत एक मेख असते. बांधायला पैसे मिळतात, सांभाळायला नाही. माळ्याचा पगार, बोअरचं वीजबिल, रात्रीचा राखणदार हे नगरपरिषदेच्या तिजोरीतूनच जायचं. म्हणून अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर बांधकाम खर्चाशेजारी पाच वर्षांच्या देखभालीचा आकडा लिहिलेला असावा, आणि ठेकेदाराच्या दोषदायित्व कालावधीत झोपाळ्याची कडी तुटली तर फोन कुणाला करायचा, हे बागेतल्या फलकावर असावं. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि प्रशासकांच्या दीर्घ कारभारानंतर सभागृहात पुन्हा नगरसेवक बसले. ठराव मांडायला आता माणूस आहे.

वेळापत्रकाचा घोळ तेवढा टाळायला हवा. निधी मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे म्हणून फेब्रुवारीत कार्यारंभ आदेश निघतो, भर उन्हात रोपं लागतात आणि मे महिन्यात वाळतात. मोजणी हिवाळ्यात एकदा आणि एप्रिलच्या उन्हात एकदा करावी. शोषखड्डे, नळाच्या आणि ठिबकच्या वाहिन्या, कट्टा ही खोदकामं मृगाआधी उरकावीत. रोपं पहिला दमदार पाऊस झाल्यावर. बाग पूर्ण बंद न करता अर्धी अर्धी घ्यावी, म्हणजे दुपारी तहसीलमधून बाहेर पडलेल्या माणसाला बसायला एक तरी सावलीचा कोपरा राहील. खेळणी दिवाळीच्या सुट्टीच्या आत बसली पाहिजेत, आणि कमानीचा विषय, कुणाला फारच हौस असेल तर, त्यानंतरच्या सभेत घ्यावा.