मनगटाला सरळ राहू द्या

गेल्या वर्षी एक निवृत्त शिक्षिका दवाखान्यात आल्या. वय बहात्तर. नातवंडांसाठी त्या बालपणीच्या आठवणी संगणकावर मराठीत लिहीत होत्या. पण अर्धे पान झाले की मनगटे भरून येत. मी हात तपासला, मलम लिहून दिले आणि सवयीचे वाक्य उच्चारले, "वयाप्रमाणे थोडेफार दुखायचेच." त्यांनी शांतपणे विचारले, "मग लिहिणे सोडून देऊ का, डॉक्टर?"

मी ओशाळलो. त्या लिहीत असताना मोबाइलवर चित्रीकरण करून आणायला मुलाला सांगितले. ते पाहताच उलगडा झाला. जेवणाच्या उंच टेबलावर लॅपटॉप, वर उचललेले खांदे आणि करंगळीच्या बाजूला वाकलेली दोन्ही मनगटे. दोष वयाचा कमी, बैठकीचा अधिक होता.

वाचकहो, आपणही करून पाहा. कोपरे शरीरालगत ठेवून दोन्ही पंजे पोटासमोर जवळ आणा आणि बोटे सरळ पुढे करा. मनगटे बाहेरच्या बाजूला वाकतात. साधा कीबोर्ड हातांना तासन्‌तास याच स्थितीत ठेवतो. त्याची ठेवण १८७४ साली बाजारात आलेल्या शोल्स-ग्लिडन टंकलेखन यंत्रापासून चालत आली आहे. ती यंत्रातील दांड्यांच्या सोयीची होती. मनगटाचा विचार तीत नव्हता.

दुभागलेला कीबोर्ड ही अडचण दूर करतो. त्याची अक्षरे मधोमध दोन भागांत विभागलेली असतात. एका प्रकारात दोन्ही भाग एकाच पाटीवर तिरके बसवलेले व मध्यभागी किंचित उंच असतात. १९९४ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा 'नॅचरल' कीबोर्ड असाच होता. दुसऱ्या प्रकारात दोन्ही भाग पूर्ण सुटे असून खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवता येतात. मराठीच्या इनस्क्रिप्ट पद्धतीला ही विभागणी विशेष मानवते. कारण तीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात.

मात्र अपेक्षा माफक ठेवावी. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हातांचा त्रास असलेल्या ८० जणांना सहा महिने निरनिराळे कीबोर्ड दिले होते. दुभागलेल्या एका प्रकाराने वेदना कमी होऊन हाताचे काम सुधारल्याचे आढळले. वैद्यकीय तपासणीत मात्र तशी सुधारणा दिसली नाही. म्हणजे हे साधन आराम देते, आजार बरा करत नाही.

खरेदीपूर्वी

आधी बैठक सुधारा. कीबोर्ड कोपरांच्या उंचीवर असावा, पावले जमिनीवर टेकावीत, कीबोर्डचे मागचे पाय मिटलेले असावेत. माउस जवळ ठेवावा. लॅपटॉप असल्यास वेगळा कीबोर्ड जोडून पडदा उंच करावा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात सैल सोडावेत.

मग एक बिनखर्ची चाचणी घ्या. विंडोज संगणकाला दोन साधे कीबोर्ड एकाच वेळी जोडता येतात. ते शेजारी ठेवून डावा हात डाव्याच्या डाव्या भागावर, उजवा हात उजव्याच्या उजव्या भागावर ठेवावा. अंतर थोडे जास्त वाटेल. पण मनगटांना बरे वाटते का, हे दोन-चार दिवसांत कळेल.

एका-दोन बोटांनी टंकलेखन करणाऱ्यांना सुटे भाग गोंधळात टाकतात. त्यांनी एकसंध तिरका प्रकार निवडावा. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असल्यास अंगठ्यासाठी पुष्कळ बटणे असलेला कीबोर्ड टाळावा. काही कीबोर्डांवर अक्षरे छापलेलीच नसतात. ज्येष्ठांसाठी घेताना मोठी, ठळक अक्षरे आहेत ना, हे पाहावे. नव्या ठेवणीची सवय होण्यास काही आठवडे लागतात. तोवर वेग मंदावला तरी घरच्यांनी घाई करू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होणे, मुंग्यांनी रात्री जाग येणे, हातातून वस्तू निसटणे ही मनगटातील मज्जातंतू दबल्याची लक्षणे असू शकतात. मधुमेह किंवा थायरॉइडची कमतरता असलेल्यांनी विशेष जागरूक राहावे. एक हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

त्या बाईंनी आधी टेबल बदलले, नंतर एकसंध तिरका कीबोर्ड घेतला. दुखणे पुरते गेलेले नाही. पण त्यांचे लेखन आता माहेरच्या वाड्यातून बाहेर पडून पहिल्या नोकरीपर्यंत आले आहे. आणि मी 'वयाप्रमाणे दुखायचेच' म्हणण्याआधी आता विचारतो, "हे काम आपण कसे करता, जरा करून दाखवा."