काळी, पांढरी आणि कौतिक

कादंबरीतल्या रंगांचा अर्थ लावायचा म्हटलं की आपल्याकडचे अभ्यासक आधी परदेशी जातात. फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'त (१९२५) खाडीपलीकडे हिरवा दिवा आहे, डेझीच्या अंगावर पांढरे कपडे आहेत आणि श्रीमंत वस्तीतून न्यूयॉर्कला जाताना मध्ये राखेनं भरलेली करडी जमीन लागते. स्तांदालनं तर १८३० साली कादंबरीच्या नावातच तांबडा आणि काळा घातला. तिच्यातल्या सुताराच्या पोराला वर चढायला लष्कर आणि चर्च या दोनच शिड्या होत्या, त्यांचे हे रंग, असा अर्थ पुढे बहुतेकांनी लावला. यात चूक काही नाही. पण हाच तक्ता घेऊन कुणी वऱ्हाडच्या कादंबरीवर बसला आणि हिरवा म्हणजे आशा, पांढरा म्हणजे पावित्र्य असं लिहू लागला, की माझा तरी संयम सुटतो.

वऱ्हाडात रंग आधी जमिनीचा असतो. पिकतं ती काळी आणि वस्ती असते ती पांढरी. गावातल्या माणसाची पत काळीत त्याचं किती आहे यावर ठरायची, आणि पांढरीत त्याचं घर कुठल्या अंगाला आहे यावर. त्या काळ्या मातीतून जे पांढरं निघतं त्यानं हा मुलूख जगाच्या बाजाराला जोडला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढं रेल्वे आली, जिनं-प्रेस उभ्या राहिल्या, अमरावती-अकोल्यात वाडे चढले. वेचणारीच्या वाट्याला मात्र वजनावरची मजुरी आली. कमरेला ओटा बांधून ती दिवसभर तासात वाकते, वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचत राहतात. त्यात कापसाच्या पांढऱ्यालाही प्रती असतात. अवकाळी पावसानं भिजून पिवळसर पडला की त्याची कवडी होते आणि भाव पडतो. १९७२ ला सरकारची एकाधिकार खरेदी आली, तेव्हाही गाडीवाल्याचा जीव ग्रेडरच्या नजरेवर टांगलेला असे. रंगाचा इतका रोकडा अर्थ कुठल्या समीक्षेत सापडणार?

हे मनाशी ठेवून उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) उघडावी. तिची नायिका कौतिक, तिचं घर शिंप्याचं. म्हणजे काळीत नाव नाही आणि हातात येतं ते दुसऱ्याचं कापड. गावातल्या प्रत्येकाच्या अंगावरचा रंग शिंप्याच्या मांडीवरून जातो. घरात उरतात त्या चिंध्या. नवरा महादेव कामाला कच्चा, म्हणून कौतिक मजुरीला जाते, पोरांना वाढवते, मुलाच्या, नामाच्या शिकण्यावर जीव टाकते. 'धग' आठवली की डोळ्यांपुढं कुठला रंग येत नाही. येतात ते कौतिकचे हात आणि तिची वऱ्हाडी बोली. मला हीच शेळक्यांची मोठी ताकद वाटते. गरिबीला त्यांनी रंग फासला नाही. पाटलाचं धोतर पांढरं राहतं ते धुणारा आणि शिवणारा दुसरा असतो म्हणून, एवढं ज्याला ठाऊक आहे त्याला प्रतीकं मांडत बसायची गरज पडत नाही.

  

तरीही 'धग'मध्ये रंग एका वाटेनं येतोच, आणि तो कातडीवर येतो. महादेवला महारोग होतो. या रोगाची सुरुवात पुष्कळदा फिकट चट्ट्यानं होते आणि त्या जागी स्पर्श कळेनासा होतो. ज्या माणसाला घरच्यांच्या हालांची जाण कधीच पुरती नव्हती, त्याला हाच रोग व्हावा यात कुणी काव्यगत न्याय शोधेल. मला ते ओढूनताणून वाटतं. शेळके इथं न्याय देत नाहीत. घरातली आणखी एक मिळकत बंद झाल्याचं सांगतात. अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं ते हा रोग झालेल्या माणसांसाठी. त्यांना गावाच्या पांढरीत जागा उरत नसे.

'धग' पुणेरी कादंबरीशी ताडून पाहिली की रंगांतला फरक उघडा पडतो. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधल्या यमूचं वैधव्य केशवपनापर्यंत जातं. ब्राह्मण विधवेचं तांबडं आलवण हा त्या समाजाचा सगळ्यात क्रूर रंग. शेतात राबणाऱ्या जातींत विधवेचा पाट लागायचा, मोहतूर व्हायचं. कामाचे दोन हात कोपऱ्यात बसवणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून कौतिकच्या जगात आलवण नाही. पण कुंकू आहे तोवर सुख आहे, असंही त्या जगात नाही.

पुढच्या लेखकांबद्दल थोडक्यात. अमरावतीच्या मनोहर तल्हारांनी 'माणूस'मध्ये रिक्षावाला आणला आणि ही गरिबी शहराच्या डांबरावर उतरली. बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यातल्या एकनाथ तनपुरेकडे काळी आहे, पदवीही आहे. नोकरीसाठी मागतात तो पैसा तेवढा नाही. शहरात वाढलेल्या त्याच्या बायकोला, अलकाला शेतकऱ्याच्या घरात करमत नाही. कौतिकला जी काळी कधी मिळाली नाही, ती दोन पिढ्यांनी ओझं झालेली इथं दिसते. माझ्या मते 'बारोमास' 'धग'शेजारी ठेवूनच वाचायला हवी, आणि तरीही 'धग'च वरचढ ठरते.

विद्यापीठात वऱ्हाडी कादंबरीवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींना एकच विनंती. रंगांची यादी करायला घेण्याआधी एकदा वेचणीच्या दिवसांत बाजार समितीच्या काट्याजवळ उभे राहा. आणि कादंबरीत कापड दिसलं की ते कुणी शिवलं, कुणी धुतलं आणि कुणी नेसलं, हे आधी लिहून काढा.