पिल्लांचे डोळे का चिकटतात?

मंडळी, यंदाच्या निधीतून आपण गावाकडच्या बचतगटांना गिरिराज जातीची पिल्लं देणार आहोत. पण नुसती पिल्लं देऊन भागत नाही, म्हणून हे चार शब्द.

डोळा चिकटला की पिल्लाला दाणा-पाणी दिसत नाही आणि ते उपाशी मरतं. पुष्कळदा मूळ खुराड्यातच असतं. ओल्या तुसातून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. खाली वाकल्यावर आपलेच डोळे झोंबतात, मग पिल्लांचं काय होत असेल! तूस बदलावं, वारा खेळता ठेवावा. आजारी पिल्लू वेगळं, पण उबेतच ठेवावं. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावं, त्यात पाऊण चमचा मीठ घालावं आणि कापसाने पापणी हळूहळू भिजवून पुसावी. ओढून उघडू नये. हळद वगैरे तर नकोच.

शिंका, घरघर, सुजलेला चेहरा दिसला तर मायकोप्लाझ्मासारखा संसर्ग असू शकतो. तिथे जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून त्यांनी दिलेलंच औषध द्यावं. पापणीवर खपल्या धरल्या तर बहुधा देवी. ती डासांमुळेही पसरते. तिच्यावर औषध नाही, लस आधीच पंखात टोचावी लागते. म्हणूनच आम्ही पिल्लांच्या खर्चात कोरडं तूस आणि लसही धरली आहे.